देणगी कोणाची आणि कोणासाठी?

आपल्या घरांत एक शब्द फार सहजपणे उच्चारला जातो. एखाद्या मुलीचा गळा गोड असला, तर वडीलमाणसे म्हणतात, ‘देवाची देणगी आहे.’ एखाद्याच्या हाताला चव असते, एखाद्याच्या हाताला गुण असतो, कोणाला गणित न शिकवताच कळते. त्यांच्याविषयीही आपण हेच म्हणतो. परंतु हे वाक्य उच्चारून झाले की आपण तेथेच थांबतो. देणगी म्हटली की देणारा आला. आणि ज्याने दिली त्याने ती काही हेतूने दिली असली पाहिजे, हेही त्याबरोबरच आले. म्हणून तीन प्रश्न विचारल्यावाचून विचारी मनुष्याला राहवत नाही. देणगी जर देवाची, तर तिचा अभिमान आपण का बाळगावा? ती आपल्याजवळ दिली, ती कोणासाठी? आणि ज्याच्याजवळ अशी कोणतीच ठळक देणगी दिसत नाही, त्याने आपल्या जीवनाचा अर्थ कोठे शोधावा?

हे प्रश्न सर्वच ठिकाणी आहेत. पण भिलाईसारख्या नगरीत ते विशेष तीव्रतेने उभे राहतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांच्या जागी एक नगर उभे राहिले. छत्तीसगडच्या खेड्यांतून, विदर्भातून, आंध्रातून, केरळातून, बंगालमधून, पंजाबातून माणसे आली. कोणाचा बाप शेतकरी, कोणाचा सुतार, कोणाचा भिक्षुक, कोणाचा कोष्टी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा मागे राहिला आणि सर्वजण एकाच भोंग्याच्या आवाजावर पाळीला जाऊ लागले. मग या माणसांचे स्वकर्म कोणते? बापाचा धंदा सुटला म्हणजे स्वधर्म सुटला काय? की भट्टीजवळ उभे राहून केलेले कामही परमेश्वराच्या पूजेचे साधन होऊ शकते?

या विषयावर ख्रिस्ती धर्मात फार खोल विचार झालेला आहे. तो आपल्या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल. कारण दुसऱ्याच्या घरातील दिवा पाहिला म्हणजे आपल्या घरातील दिव्याची वातही नीट दिसू लागते.

ख्रिस्ती विचारात दोन शब्द जवळजवळ चालतात. एक ‘पाचारण’ आणि दुसरा ‘कृपादान’. पाचारण म्हणजे देवाने मनुष्याला हाक मारणे. ही हाक प्रथम सर्वांना सारखीच असते: देवाकडे वळा, प्रेमाने वागा. त्या सर्वसामान्य हाकेच्या पोटात प्रत्येकाला त्याच्या विशिष्ट कामाची हाक असते. आणि ज्या कामासाठी हाक आली, त्या कामापुरते सामर्थ्यही देणाराच देतो. ते कृपादान होय. हाक आणि सामर्थ्य या दोहोंचा धनी एकच असल्यामुळे मनुष्याला ‘हे माझे’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न रोखठोक विचारला आहे. तुझ्याजवळ जे आहे ते सर्व तुला मिळालेले असताना, ते जणू न मिळता तुझेच होते अशा तोऱ्याने तू का वागतोस, असा त्याचा आशय आहे.

याच विषयावर येशूने सांगितलेला एक दृष्टान्त प्रसिद्ध आहे. परदेशी निघालेल्या एका धन्याने आपल्या तीन चाकरांजवळ आपले द्रव्य ठेवले: एकाला पाच भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिल्या दोघांनी व्यापार करून द्रव्य दुप्पट केले. तिसऱ्याने भीतीने आपला भाग जमिनीत पुरून ठेवला. धनी परत आला तेव्हा त्याने पहिल्या दोघांची सारख्याच शब्दांत वाखाणणी केली आणि तिसऱ्यास दोष दिला. ज्या वजनाने हे द्रव्य मोजले त्याचे ग्रीक नाव ‘तालान्तोन’. इंग्रजीतील आणि आता आपल्याही बोलण्यात रुळलेला ‘टॅलेंट’ हा शब्द याच दृष्टान्तावरून आलेला आहे. शब्द आपण घेतला; मात्र ते द्रव्य धन्याचे होते, चाकराचे नव्हते, हे विसरलो.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, पाचवाल्याची आणि दोनवाल्याची प्रशंसा सारखीच झाली. हिशेब कमाईच्या आकड्याचा नव्हता, निष्ठेचा होता. दुसरी अशी की, ज्याला सर्वांत कमी मिळाले त्यालाही काही थोडे मिळालेले नव्हते. त्या काळी एका दिवसाच्या मजुरीचे नाणे म्हणजे एक दीनार, आणि एका तालान्ताचे सुमारे सहा हजार दीनार होत. म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई! सर्वांत कमी मिळालेल्या तिसऱ्या चाकराच्या हातीही एवढे द्रव्य होते. त्याचा अपराध थोडे असण्याचा नव्हता. भीतीने आणि कदाचित इतरांशी तुलना करून त्याने ते मातीत घातले, हा अपराध होता.

पौलाने हाच विचार शरीराच्या उपमेने पुढे नेला. शरीर एक, अवयव अनेक. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही. आणि जे अवयव दुर्बळ वाटतात तेच अत्यंत आवश्यक असतात. देणगी निरनिराळी देण्याचा हेतूच हा की कोणीही एकटा पुरा पडू नये आणि सर्वांना एकमेकांची गरज भासावी. ज्याच्या देणगीने दुसऱ्याचे काहीच भागत नाही, त्याने ती पुरून ठेवली असेच म्हटले पाहिजे. स्वतः पौल तंबू शिवण्याचा धंदा करीत असे आणि येशूने सुतारकी केली होती, हेही येथे लक्षात ठेवावे. मध्ययुगात युरोपात ‘पाचारण’ हा शब्द बहुधा संन्याशांपुरताच राखला गेला होता. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने तो चांभाराच्या दुकानात आणि आईच्या पाळण्यापर्यंत आणून पोहोचविला.

आता एक उदाहरण पाहू. ते आपल्याच भाषेतले आणि भिलाईच्या फार जवळचे आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत एक मराठी ब्राह्मण गृहस्थ प्रवास करीत होते. राजनांदगाव हे तेव्हा एक संस्थान होते; भिलाईपासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर, त्याच लोहमार्गावर ते वसले आहे. या गृहस्थांचे नाव नारायण वामन टिळक. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृतचे जाणकार, वक्तृत्व उत्तम, आणि कवित्वाची देणगी उपजत. संस्थानात नोकरीच्या आशेने ते निघाले होते. डब्यात एका परदेशी गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले आणि निरोप घेताना त्याने त्यांच्या हाती बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर योग्य की अयोग्य, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. गीतेच्या वाचकाला त्या निर्णयाविषयी आपले मत असू शकेल. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच की, धर्म बदलला तरी त्यांची देणगी बदलली नाही. परदेशी चालीची स्तोत्रे गाण्यास ते तयार नव्हते असे नाही; पण त्यांची वाणी अभंगात आणि ओवीतच वाहत राहिली. ते कीर्तने करीत. तुकोबांचे ऋण ते अखेरपर्यंत मानीत आले आणि तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. देवाची हाक आली म्हणून मनुष्याने आपला स्वभाव टाकून द्यावा असे नाही. उलट त्या स्वभावातच हाकेला उत्तर द्यावयाचे असते, हे त्यांच्या जीवनाने दाखविले. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा आधार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही भक्तांना एकत्र आणण्याचा उपक्रम आरंभिला. ९ मे १९१९ रोजी त्यांचा देहान्त झाला. ज्या देणगीचा धनी देव, तिच्यावर वेतन देणाऱ्याचाही पूर्ण हक्क नसतो, ही जाणीव त्या त्यागामागे दिसते.

पण या कथेची दुसरी बाजू सांगितली नाही तर न्याय होणार नाही. एकाला आलेल्या हाकेचे मोल पुष्कळदा घरातील दुसऱ्याला द्यावे लागते. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि कालांतराने त्यांनीही तोच मार्ग स्वीकारला. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. अक्षरओळख लग्नानंतर घरातच झाली. त्यांच्याजवळ काही असामान्य देणगी आहे, असे त्या काळी पाहणाऱ्या कोणाला वाटले असते? घरात मोठा कवी एकच होता. परंतु टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून ते पुरे केले. आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतील सर्वश्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. गृहस्थाने येथे थांबून विचार करावा. आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या माजघरात कोणाची देणगी पुरली गेली आहे काय? चाकराने स्वतःची देणगी पुरणे हा एक अपराध. पण दुसऱ्याच्या देणगीवर आपण माती लोटणे हा त्याहून मोठा अपराध होय.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. गीतेच्या अठराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी सांगितले आहे की, ज्याच्यापासून सर्व भूतांची प्रवृत्ती झाली त्याची आपल्या कर्माने पूजा करून मनुष्य सिद्धी पावतो. ज्ञानेश्वर महाराजांनी तेथे स्वकर्माला पूजेच्या फुलांची उपमा दिली आहे. ख्रिस्ती विचार आणि हा विचार येथे अगदी जवळ येतात. दोन्हीकडे सामर्थ्य ईश्वराचे, कर्म मनुष्याचे, आणि फळ पुन्हा ईश्वराला अर्पण करावयाचे.

तरीही दोहोंत एक भेद आहे आणि तो झाकून ठेवणे बरे नव्हे. ख्रिस्ती मनुष्य म्हणतो, ‘मला हाक आली’. हाक बाहेरून येते आणि ती कधी कधी मनुष्याला घरातून, गावातून उठवून नेते. गीता म्हणते, कर्म स्वभावातून निपजते. जे तुझ्या प्रकृतीतच आहे ते ओळख आणि निष्काम बुद्धीने कर. पहिल्यात ऐकण्यावर भर आहे, दुसऱ्यात ओळखण्यावर. पहिल्याचा धोका असा की, मनुष्य आपल्या लहरीलाच देवाची हाक समजेल. दुसऱ्याचा धोका असा की, समाज मनुष्याला त्याच्या जन्मालाच स्वभाव समजावयास लावील. दोन्ही धोके इतिहासात प्रत्यक्ष घडले आहेत. पौलाने ‘ज्या स्थितीत हाक आली त्या स्थितीत राहा’ अशा आशयाचा उपदेश केला. त्याचा आधार घेऊन पुष्कळांनी दासांना दास्यात ठेवले. आपल्याकडे स्वधर्माच्या नावाखाली किती जणांचे हात बांधले गेले, हे निराळे सांगावयास नको.

येथे कोणी शंका घेईल: ‘मग जन्माने मिळालेल्या वातावरणाला काहीच अर्थ नाही काय?’ अर्थ आहे, पण तो बेडीचा नाही, बीजाचा आहे. याचे उदाहरण भिलाईजवळच सापडते. गनियारी गावच्या तीजनबाई पारधी समाजात जन्मल्या. आजोळी आजोबांच्या तोंडून महाभारताची कथा ऐकता ऐकता ती त्यांच्या कंठात उतरली. पंडवानी या गायनप्रकारात बाया बसून गात. उभे राहून, आवेशाने, अभिनयासह गाण्याची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी ती उचलली. समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्या वेगळ्या झोपडीत राहिल्या, पण गाणे सोडले नाही. पुढे भिलाई पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरी केली, देशोदेशी पांडवांची कथा गायिली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आजोबांकडून कथा मिळाली हे जन्माचे दान. आणि रूढीने मनाई केली तरी गात राहणे, हे हाकेला दिलेले उत्तर. समाजाने ज्याला मर्यादाभंग म्हटले, तेच तिचे स्वकर्म ठरले. महाभारताची कथा गाण्याचा अधिकार कोणाला आहे, याचा निर्णय जातपंचायत देऊ शकली नाही. तो तिच्या कंठाने दिला.

दुसरी शंका अधिक कठीण आहे. ‘तीजनबाई असामान्य, टिळक असामान्य. ज्याला दर दिवशी तेच यंत्र, तीच पाळी, तोच रखरखाट, त्याने काय करावे? पोटासाठी केलेल्या कामाला पाचारण म्हणणे म्हणजे त्याची समजूत घालणे नव्हे काय?’ शंका योग्य आहे. कष्टकऱ्याला कमी मजुरी देऊन वर ‘ही तुझी ईश्वरसेवा आहे’ असे सांगणारा मनुष्य धर्माचा दुरुपयोग करतो. मजुराचे दाम चुकते करणे हा मालकाचा स्वधर्म आहे आणि तो टाळून दुसऱ्याला स्वधर्म शिकविण्याचा त्याला अधिकार नाही. एवढे स्पष्ट केल्यावर मात्र शंकेचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. भिलाईत आगगाडीचे रूळ तयार होतात. रूळ बाहेर धाडण्यापूर्वी त्याच्या पोटात कोठे तडा आहे काय, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने तपासावे लागते. तपासणाऱ्याचे नाव कोणत्याही रुळावर लिहिलेले नसते. त्याच्यासाठी कोणी टाळी वाजवीत नाही. परंतु रात्री गाडीत निश्चिंत झोपलेल्या मुलाबाळांचा जीव त्याच्या लक्षपूर्वक पाहण्यावर अवलंबून असतो. पाळीच्या अखेरच्या तासातही तो पहिल्या तासाइतक्याच सावधपणे पाहत असेल, तर ते काम पूजा नव्हे तर काय? सावता माळ्यांनी मळ्यातच देव पाहिला, गोरोबांनी चाकावर, जनाबाईंनी जात्यावर. कामाची थोरवी कामाच्या नावात नसते, ते ज्याच्यासाठी केले त्याच्या स्मरणात असते. आणि प्रत्येक कर्माला काही ना काही दोष चिकटलेलाच असतो, जसा अग्नीला धूर, हेही भगवंतांनी सांगून ठेवले आहे. भट्टीवाल्याला हे कोणी समजावून द्यावयास नको.

मग आपली देणगी ओळखावी कशी? शास्त्रे व संतचरित्रे यांचा विचार करता चार खुणा सांगता येतात.

(१) जे काम करताना मनुष्य स्वतःला विसरतो आणि ज्याचे श्रम झाले तरी कंटाळा येत नाही, तेथे देणगीचा संभव असतो. केवळ जे सोपे जाते ते देणगी नव्हे.

(२) देणगीची साक्ष दुसऱ्यांकडून मिळते. तिने कोणाची भूक, कोणाचे अज्ञान, कोणाचे दुःख थोडे तरी कमी होते. जिच्यामुळे केवळ आपलाच बोलबाला होतो, तिच्याविषयी सावध राहावे.

(३) खरी देणगी दुसऱ्याच्या देणगीचा हेवा करीत नाही. टिळकांनी तरुण बालकवी ठोंबरे यांना आपल्या घरी पुत्राप्रमाणे वागविले. स्वतः कवी असून दुसऱ्या कवीवर असे प्रेम करणे हे देणगी पचल्याचे लक्षण आहे.

(४) ती काढून घेतली गेली तरी देणाऱ्यावरील श्रद्धा ढळत नाही. गळा बसतो, हात थरथरू लागतो, दृष्टी मंदावते. जो देणगीलाच ‘मी’ समजत होता तो त्या वेळी कोसळतो. जो तिला ठेव समजत होता, तो ती शांतपणे परत करतो.

आता शेवटची आणि गृहस्थांना सर्वांत निकडीची गोष्ट. आज भिलाई ही पोलादाप्रमाणेच शिकवणीवर्गांचीही नगरी झाली आहे. २०१६ साली भिलाईच्या नावाने आय.आय.टी. स्थापन झाली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु प्रत्येक मुलाने त्याच एका दारातून आत जावे, असा हट्ट घरोघर धरला जातो. ज्याला पाच भाग दिले त्यालाही, आणि ज्याला निराळ्याच नाण्यात द्रव्य दिले त्यालाही, एकाच तराजूत तोलले जाते. या ओझ्याखाली देशात काही कोवळे जीव विझतातही. आईबाप हे वाईट हेतूने करीत नाहीत. मुलाला भाकरीची ददात पडू नये हीच त्यांची चिंता असते, आणि ती चिंताही धर्माचीच आहे. पण मूल ही आपली मालमत्ता नव्हे; तीही ठेव आहे. मुलाला काय करावयाचे आहे, हे त्याला विचारण्यापूर्वी काही वर्षे आपण त्याला न्याहाळले काय? ते कशात रमते, कोणाच्या उपयोगी पडते, कशाने उजळते, हे पाहिले काय? मग त्याला पोटापुरते कौशल्य जरूर शिकवावे. पण त्याची देणगी आपल्या हौसेखाली पुरू नये. परीक्षेत अपयश आले तर त्याला सांगावे की एक दार बंद झाले, धन्याने आपले द्रव्य परत मागितलेले नाही.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाजवळ काही ना काही ठेवलेले आहे. त्याला ख्रिस्ती मनुष्य कृपादान म्हणतो, आपण ईश्वरदत्त सामर्थ्य म्हणतो. नाव निराळे असले तरी हिशेब घेणारा एकच आहे. तो हिशेब शेजाऱ्याच्या ठेवीचा मागणार नाही. आपल्या ठेवीचा मागेल. म्हणून आजपासून दररोज निजण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारण्याचा नियम करावा: आज मला दिलेल्यातून कोणाला काय पोहोचले? आणि दुसरा प्रश्न: आज मी घरात कोणाच्या देणगीला वाट करून दिली? या दोन प्रश्नांचे प्रामाणिक उत्तर देता येणे हीच स्वकर्माची फुले त्या सर्वात्मकाच्या चरणी वाहणे होय.